खुणेचा रुपया

"नाणं हातात नाय देणार. इथूनच बघा," असं म्हणत सुगराने मूठ काचेच्या काउंटरवर ठेवली आणि बोटं कशीबशी उघडली.

कमळाकरांनी डोळ्यावरचं भिंग काढून आधी मुठीकडे आणि मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. पनवेलच्या लाईन आळीतल्या त्या चिंचोळ्या दुकानात ते घड्याळं दुरुस्त करत. पण लोक मोबाइलमध्येच वेळ बघायला लागल्यापासून त्यांचा खरा जीव जुन्या नाण्यांत गुंतला होता. नाणं ओळखायचं, साफ करायचं, टिकवायचं असलं की उरण-पेणकडूनसुद्धा माणसं त्यांच्याकडे येत. अशी मूठ मात्र त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"बाई, मुठीतलं सांगायला मी काय ज्योतिषी आहे?" ते म्हणाले. "वजन करावं लागेल, कड तपासावी लागेल. हातात घेतल्याशिवाय कसं जमायचं?"

"मग माझ्यासमोर करा. आत नाय न्यायचं."

"आत आहेच कुठे? मागे भिंत आहे."

सुगराने वाकून खात्री करून घेतली. मागे खरोखरच भिंत होती. भिंतीवर ओळीने घड्याळं टांगली होती आणि प्रत्येक घड्याळ वेगळीच वेळ सांगत होतं. हे काही तिला पटलं नाही. ज्याची घड्याळं एकमेकांच्या बोलण्यात नाहीत त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा? तरी तिने रुपया काउंटरवर ठेवला, स्टूल पुढे ओढलं आणि कमळाकरांचे दोन्ही हात दिसतील अशी बसली.

स्वभावच तसा होता तिचा. सहा बहिणींच्या घरात ती वाढली होती. तिथे खूण नसलेली वस्तू संध्याकाळपर्यंत दुसरीची व्हायची. म्हणून फणीला दोरा, वाटीला टोचा, चपलेला आतून चिंधी. पुढे नवरा, ताहेर, अकाली गेला आणि तिने टपाल नाक्याजवळच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आयाची नोकरी धरली, तेव्हा हाच स्वभाव कामी आला. मूल जन्मलं की आईच्या नावाची पट्टी त्याच्या मनगटाला लावायची, हे तिचं काम. पण पट्टी निघाली तर? म्हणून ती घोट्याला दोराही बांधायची. आणि दोरा सुटला तर? म्हणून कानामागे शाईचा बारीकसा ठिपका द्यायची. डॉक्टरीणबाई हसायच्या. पण त्या दवाखान्यात मूल बदलल्याची कधी कुजबूजसुद्धा झाली नाही, हेही खरं.

"थांबा, थांबा," कमळाकरांना काहीतरी आठवलं. "माझ्या नातवाच्या कानामागे शाई लावणाऱ्या तुम्हीच का? पोराला काय झालं म्हणून माझी मुलगी दोन दिवस रडत होती."

"मूल तुमचंच घरी आलं ना?"

"नाकावरून तरी आमचंच दिसतं."

"मग झालं तर," सुगरा म्हणाली आणि तिने नजर पुन्हा त्यांच्या हातांवर लावली.

तो रुपया चांदीचा होता. गोल म्हणावा तर गोल नाही, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला चेपलेला. ताहेरचा पणजा गलबतावर खलाशी होता, त्याने तो कुठल्यातरी बंदरातून आणला होता. त्याच्यावर कलमा आहे म्हणून घरात त्याला मान. रिवाज असा, की घरात मूल जन्मलं की सहाव्या दिवशी, छटीला, रुपया त्याच्या मुठीत द्यायचा. बाळाने मूठ मिटली की सगळ्यांनी हात उचलून दुवा मागायची. त्यानंतर पुढचं मूल जन्मेपर्यंत रुपया त्याच घरी राहायचा. तो कुणाच्या मालकीचा नव्हता, शेवटच्या बाळाच्या घरचा पाहुणा होता. सुगराचा मोहसीन हे या घराण्यातलं शेवटचं बाळ. तो आता दोहाला कामाला होता, त्याचं लग्न व्हायचं होतं आणि पाहुणा पंचवीस-सव्वीस वर्षं तिच्या कपाटात, डबीतल्या अत्तराच्या बोळ्यात मुक्काम ठोकून होता.

आणि कालच तिचा पुतण्या ओवेस रोडपालीहून पेढे घेऊन आला. त्याला मुलगी झाली होती. पेढे देऊन, बसून, चहा पिऊन, निघताना चपला घालता घालता तो म्हणाला, "चाची, शुक्रवारी छटी ठेवलीय. अम्मी बोललीय, रुपया घेऊन या."

सुगरा हसून "हो हो" म्हणाली आणि दार लावल्याबरोबर खाली बसली.

तिच्या लेखी तो रुपया घराण्याचा नव्हताच मुळी. खरा रुपया तिच्या जावेने, ओवेसच्या आईने, कधीच दाबून ठेवला होता आणि हिच्या हातावर भलताच टेकवला होता. हे सुगरा कुणालाही बोलली नव्हती, ताहेरलासुद्धा नाही. पण तिची खात्री होती. कारण खऱ्या रुपयावर तिची खूण होती.

झालं होतं असं. खैरूभाबीचं, म्हणजे मोठ्या जावेचं, पहिलं बाळंतपण, ओवेसच्या वेळचं, उरणला माहेरी झालं. छटी तिकडेच, म्हणजे रुपयाही तिकडेच जाणार. परक्या घरी! सुगरा तेव्हा नवी नवरी. सासूने रुपया धुऊन पुडीत बांधायला नेमकं तिलाच सांगितलं. मोरीत कुणी नव्हतं. तिने दाभणाचं टोक रुपयाच्या काठाशी ठेवलं आणि वरवंट्याने ठोकून एक तिरपी रेघ मारली. पुढे मोहसीन झाला आणि छटीला खैरूभाबी रुपया घेऊन आली, तेव्हा सुगराने बाळाच्या तोंडाआधी रुपया पाहिला. रेघ नव्हती. त्या जागी चांगला गुळगुळीत काठ होता. आणि रुपया देताना खैरूभाबीने मान खाली घातली होती, ती वर केलीच नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?

तेव्हापासून सुगरा जावेशी गोड बोलायची आणि लांब राहायची. ईदेला शिरखुर्म्याचे डबे जायचे-यायचे, पण आलेल्या डब्याचं झाकण आपलंच आहे ना, हे ती उलटून बघायची. तीन-चार वर्षांपूर्वी खैरूभाबीचे डोळे साखरेच्या आजाराने गेले, तेव्हासुद्धा सुगराच्या मनात आलं, खरंच गेलेत की आता नजर चुकवायला निमित्त झालं?

आता खरा रुपया घरात असताना भाबी हा का मागत होती? सुगराने रात्रभर त्याची उकल केली. चारचौघींत हा रुपया बाहेर काढायला लावायचा, हातात घेऊन म्हणायचं, 'अगो बाई, हा तर आपला नाही,' आणि चोरीचा आळ हिच्यावर. असंच असणार. म्हणून सकाळी उठून ती इथे आली होती. जाणकाराच्या तोंडून पक्कं करून घ्यायचं आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर आपणच भाबीला विचारायचं, खरा कुठाय? इतकी वर्षं घशाशी आलेला प्रश्न एकदाचा बाहेर पडणार होता.

कमळाकरांनी रुपया तोलला, कड भिंगाखाली फिरवली, उजेडाला तिरपा धरला. सुगरा पापणी लवू देत नव्हती.

"खरा आहे," ते म्हणाले.

"नीट बघा."

"नीटच बघितलं. मोगली रुपया, शाहजहानच्या काळचा. ही कलम्याची बाजू. घणाने ठोकून पाडलेला आहे. साच्यात ओतलेला असता तर कडेला शिवण दिसली असती. वजनही बरोबर." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लोक खोटा म्हटलं की भांडतात. खरा म्हटल्यावर तोंड पाडणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"खरा असेल. पण आमचा आहे का?"

"आता त्याला आडनाव कसं विचारू?"

"आमच्या रुपयावर खूण होती."

"कुठे? कशी?"

सांगायला काय, सुगराच्या जिभेवरच होतं. पण सांगितली आणि ह्याने ती घडवूनच दिली तर? टोकदार हत्यारं समोर थाळीत मांडून ठेवलेली होती. "ते तुम्ही शोधा," ती म्हणाली.

कमळाकरांनी हात जोडले आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. या खेपेला त्यांनी सगळी कड तसूतसूने पाहिली. मग त्यांनी पिनच्या टोकाने काठाशी एक जागा दाखवली. तिथे हिरवट पूड जमली होती.

"ह्याला आजार लागलाय. हे बघा, इथे कुणीतरी कथलाची झाळ लावलीय, चीर बुजवायला. झाळताना तेजाब वापरतात, ते नीट धुतलेलं दिसत नाही. वर अत्तराच्या बोळ्यात ठेवता वाटतं, वास येतोय, आणि आपली ही दमट हवा. आतून खात चाललंय. एक दिवस हा एवढा तुकडा सुटून हातात येईल."

"चीर?" सुगरा ताठ झाली. "आमच्या रुपयाला चीर नव्हती! कसम खाऊन सांगते. मी स्वतः धुतलाय तो."

म्हणजे झालंच की. चिरलेला, झाळलेला, कुठलातरी टाकाऊ रुपया आणून भाबीने आपल्या पदरात घातला. सुगराला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर तिला हलकं वाटलं. इतकी वर्षं आपण उगाच नाही कुढलो.

"झाळ काढावी लागेल," कमळाकर म्हणत होते. "कथील थोड्याशा उष्णतेने वितळतं, चांदीला धक्का लागत नाही. तुम्ही ठेवून जा, उद्या संध्याकाळी—"

"ठेवून?" सुगरा उभीच राहिली.

"बसा, बसा. आत्ता करतो. घड्याळवाले थांबतील, त्यांना तशीही वेळ कळत नाहीये."

त्यांनी कोपऱ्यातली झाळ द्यायची विजेची बारीक सळई तापवली. तांब्याच्या तारांची पट्टी झाळेवर धरून वरून टोक टेकवलं, तसं कथील पाझरून पट्टीत शोषलं गेलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा शोषलं. मग रुपया नुसत्या पाण्यातून काढला, मऊ ब्रशने हिरवी पूड सोडवली, परत पाण्यात, परत ब्रश. ना चिंच, ना राख, ना पावडर. घासायला हात शिवशिवत असूनही सुगरा बोलली नाही. शेवटी त्यांनी रुपया दिव्याखाली सुकवला, भिंगाखाली धरला आणि तोंडातून "अरेरे" काढलं.

"काय झालं?"

"कुठल्या गाढवाने केलंय हे?" त्यांचा आवाज एकदम चढला. "नेमकं टाकसाळीच्या नावावर टोकदार काहीतरी ठेवून ठोकलंय. सुरत लिहिलेलं होतं इथे, अर्धं पुसलं. आणि चीर बघा, ह्या घावाच्या टोकापासूनच निघालीय. जुनी चांदी ठिसूळ असते हो. घाव बसल्या बसल्या तडकत नाही. मग हाताळता हाताळता कधीतरी उघडते. झाळणाऱ्याने बिचाऱ्याने त्याच्या परीने वाचवलाय. मूळ दुखणं हे आहे." त्यांनी भिंग तिच्यापुढे केलं.

सुगराने एक डोळा मिटला. आधी नुसता करडा धूर दिसला. मग कड दिसली, चीर दिसली आणि चिरेच्या मुळाशी एक तिरपी रेघ. आत राहिलेल्या कथलाने ती काळपट झाली होती. खालच्या टोकाशी रेघ जराशी वळली होती. तिथे दाभण निसटून तिच्या बोटात घुसलं होतं आणि मोरीत बसून तिने ते बोट चोखलं होतं, म्हणजे सासूला रक्त दिसू नये.

"हीच का हो तुमची खूण?" कमळाकरांनी हळूच विचारलं.

सुगराने भिंग खाली ठेवलं. कमळाकरांनी मघाचा गाढव शब्द गिळला असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी रुपया जाड पांढऱ्या कागदाच्या पुडीत ठेवला. "आता अत्तर नको, प्लास्टिक नको, घासणं तर नकोच. कोरडा ठेवा. चीर मी बुजवत नाही, आहे तशी राहू दे. फक्त तेवढी कड हाताला लागेल, ती सांभाळा."

"आणि ती रेघ?"

"ती आता कुठे जाणार? ती नाण्याचीच झाली."

घरी येईपर्यंत सुगराच्या मनाने सगळ्या पळवाटा धुंडाळल्या. कमळाकरानेच आत्ता मारली असेल रेघ. पण त्याला जागा कशी कळणार, वळण कसं कळणार? आणि त्याचे हात एकदासुद्धा तिच्या नजरेआड झाले नव्हते. आपण इतकी नजर ठेवली याचा आयुष्यात पहिल्यांदा तिला पस्तावा झाला.

शुक्रवारी दुपारी ती रिक्षाने रोडपालीला गेली. ओवेसच्या फ्लॅटमध्ये बायकांची गडबड होती. बाळंतीण रिदा आतल्या खोलीत पडली होती आणि स्वयंपाकघरातून तुपाचा वास येत होता. बाहेरच्या खोलीत पलंगावर खैरूभाबी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. सुगरा जवळ गेली आणि सवयीने तिची नजर बाळाच्या कानामागे गेली. कान नुसता गुलाबी, कोरा होता.

"सुगरा आली वाटतं," खैरूभाबी कुणी न सांगताच म्हणाली. "ये, हितं बस. रुपया आनलास?"

सुगराने पुडी उघडून रुपया तिच्या पुढे केलेल्या हातावर ठेवला. खैरूभाबीने तो उलटा केला आणि तिचा अंगठा कुठेही न चाचपडता नेमका त्या काठावर गेला. तिथे तो थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. तिच्या चेहऱ्यावरचं पाणी उतरत गेलेलं सुगराने पाहिलं. या डोळ्यांना दिसत नाही याबद्दल आता कुणी शंका घेतली नसती.

"झाळ कुठं गेली?" तिने अगदी हळू विचारलं.

"काढली, भाबी. आतून खराब होत होता."

"म्हंजे तुला समाजलं." खैरूभाबीने बायकांच्या आवाजाचा अंदाज घेतला आणि ती सुगराकडे झुकली. "माज्याच हातात झालं गो ते. ओवेस म्हैन्याचा असंल. मी रुपया पुसत व्हते, न् कट् करून वाजलं. बघते तर चीर. पाचा पिढ्यांचा रुपया न् माज्या हातात मोडला! आयेनं उरनच्या सोनाराकडनं झालून आनला. कुनाला बोलले नाय. सासूला नाय, ओवेसच्या बापाला पन नाय. तुला देताना माजी मान वर व्हत नव्हती. मंग तू लांब लांब रायला लागलीस, तवाच मी वलखलं, हिला कलला हाय. पन तू एका शब्दानं कुटं बोलली नाय. येवडी वरसं माजी लाज राखलीस. अल्ला तुला बरकत देवो."

सुगराने आत्ता नुसती मान हलवली असती तर चाललं असतं. एवढंच म्हणायचं होतं, 'जाऊ दे भाबी, झालं गेलं.' भाबीने तिचा हात धरून दुवाच दिली असती. ज्या बाईला सगळ्यांसमोर चोर ठरवायला ती निघाली होती, ती बाई तिचे उपकार मानत होती. इतकी लाज सुगराला कधीच वाटली नव्हती.

"भाबी, अंगठा द्या जरा," ती म्हणाली.

तिने खैरूभाबीचा अंगठा धरून चिरेवरून मागे, चिरेच्या मुळाशी नेला. "लागतंय काय? रेघ आहे. तिरपी."

"हा. ही तर मला म्हाईतच नाय."

"ती मी मारलीय. दाभणाने. रुपया उरणला जायच्या आधी, मोरीत बसून. चीर त्याच्यातून निघालीय, भाबी. तुमच्या हातून काय झालं नाय. कधीच नाय."

खैरूभाबीचा अंगठा त्या रेघेवर होता. "कशाला मारलीस?"

"ओळखायला," सुगरा म्हणाली. "बदलला तर."

खैरूभाबीचा अंगठा रेघेवरून चिरेवर गेला, चिरेवरून परत रेघेवर आला, आणि असा कितीतरी वेळ जात-येत राहिला. सुगरा समोर बसून राहिली. तिला वाटलं, आता हिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, निदान हात तरी झटकावा.

"अम्मी, रुपया देता ना?" आतून रिदाने आवाज दिला. "सगळ्या थांबल्यात."

"देते," खैरूभाबी म्हणाली. बायका पलंगाभोवती जमल्या. तिने आपल्या ओढणीचं टोक चाचपून पुढे घेतलं, त्याची घडी केली आणि ती रुपयाच्या त्या चिरलेल्या कडेवर नीट गुंडाळली. पुन्हा एकदा अंगठा फिरवून पाहिला.

"कड लागंल पोरीला," ती कुणाकडेही न वळता म्हणाली आणि तिने रुपया बाळाच्या तळहातावर ठेवला.

बाळाने मूठ मिटली. कुणीतरी माशाअल्ला म्हटलं आणि सगळ्यांचे हात वर झाले. सुगरानेही हात उचलले, पण मागायचं काय ते तिला सुचेना. खैरूभाबीचे हात तेवढे खालीच होते. तिच्या ओढणीचं टोक रुपयाबरोबर त्या मुठीत अडकलं होतं आणि ते सोडवायला लागू नये म्हणून ती तशीच नातीवर वाकून बसून राहिली.